इंजिनाचा दम : खानदेशातली विहीर, जीप आणि कॉम्प्रेशनची परीक्षा

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न हमखास असतो. विषय इतिहासाचा घ्यायचा आहे, पण त्यावर कागदपत्रंच नसतील तर काय करायचं? आजचा लेख या प्रश्नावर आहे. उदाहरण मात्र जरा तेलकट घेतलंय : जुन्या डिझेल गाडीचं कॉम्प्रेशन घरच्या घरी तपासणं.

हा इतिहासाचा विषय कसा, असं वाटेल. पण जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही गॅरेजात थोडा वेळ बसून बघा. 'कॉम्प्रेशन गेलं', 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय', 'गाडीत दम राहिला नाही' ही वाक्यं दिवसभर कानावर पडतात. बोलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आयटीआयचं तोंड पाहिलेलं नसतं. मग सिलिंडरच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी काय चाललंय याचं एवढं नेमकं ज्ञान इथे आलं कुठून? माझं म्हणणं असं, की ते मोटारीतून आलं नाही. ते विहिरीच्या काठावरून आलं. हे म्हणणं कशावर उभं आहे आणि कुठे डळमळू शकतं, ते आता पाहू.

आधी गोष्ट समजून घेऊ

यंत्राचा इतिहास लिहायचा तर ते यंत्र चालतं कसं हे आधी कळायला हवं. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलमध्ये तो नसतो. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबत नेतो. जुन्या डिझेल गाड्यांमध्ये ही हवा साधारण वीस-बावीस पट लहान जागेत कोंबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते, की नोझलमधून फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणजे या इंजिनात दाब हीच काडेपेटी. हवा कुठून तरी निसटली की उष्णता कमी, उष्णता कमी की डिझेल नीट पेटत नाही. मग सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुरते, पांढरा धूर मारते, घाटात ओढत नाही.

ही गळतीची डोकेदुखी खुद्द जन्मदात्यालाही चुकली नाही. रुडॉल्फ डिझेलला पेटंट मिळालं ते १८९३ च्या फेब्रुवारीत. त्याच वर्षी १० ऑगस्टला जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली. पिस्टनच्या कडेने हवा निसटत होती आणि ठरवलेला दाब काही मिळत नव्हता. तरी इंधन पेटलं, आणि दाब नोंदवणारं 'इंडिकेटर' नावाचं उपकरणच फुटलं. सिलिंडरमधला दाब कागदावर रेखाटणारं हे उपकरण वाफेच्या इंजिनासाठी जेम्स वॉट आणि त्याचा सहकारी जॉन सदर्न यांनी १७९६ च्या सुमारास तयार केलं होतं. पुढे १७ फेब्रुवारी १८९७ ला प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांनी अधिकृत चाचणी घेतली आणि सुमारे २६ टक्के कार्यक्षमता नोंदवली. चार वर्षांच्या या धडपडीत हवा कोंडून ठेवणं हाही एक प्रश्न होता. धुळ्याच्या मिस्त्रीचा आणि डिझेलचा प्रश्न एकच : हवा निसटते कुठून?

विहिरीवरची परीक्षा

आता खानदेशात येऊ. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव, आणि पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे-नंदुरबार. पांझरेकाठची फड पद्धत सोडली तर इथलं बागायत मुख्यतः विहिरीवर, आणि विहिरीवर मोट. बैलांची जोडी, चामड्याची मोट, सोंदूर आणि नाडा. या जागी हळूहळू ऑइल इंजिन आलं. साताऱ्याजवळ कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं बनू लागली. पुण्याला खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली. गुजरातेतल्या राजकोटने इंग्लंडच्या लिस्टर कंपनीच्या घडणीची संथ चालणारी इंजिनं बनवायला घेतली. १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी खोल गेलं, विहिरी खोल झाल्या आणि इंजिनाची गरज वाढली. वीज गावात आली तरी भारनियमनामुळे इंजिन खोपीतून निघालं नाही. जळगावात भवरलाल जैन यांनी १९६३ साली धंद्याला सुरुवात केली तीही रॉकेल विकण्यापासून. पाइप आणि ठिबक नंतर आले.

या इंजिनाची एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. ते एका सिलिंडरचं होतं आणि हाताने सुरू करावं लागे. सुरू करण्याची रीत जुन्या माणसांना अजून तोंडपाठ असते. डिकॉम्प्रेशनची दांडी उचलायची. म्हणजे एक वॉल्व्ह थोडा उघडा राहतो, हवा कोंडत नाही आणि हँडल हलकं फिरतं. जड फ्लायव्हीलला वेग आला की दांडी सोडायची. हवा कोंडते, इंजिन ठोका घेतं. हँडल वेळेत निसटलं नाही तर मनगट मोडायची भीती.

आता हेच उलट्या क्रमाने करा. डिझेल बंद ठेवा, दांडी खाली असू द्या आणि फ्लायव्हील सावकाश फिरवा. पिस्टन वर येताना हाताला जोर लागतो आणि एका जागी चाक स्प्रिंगसारखं मागे ढकलतं. इंजिन चांगलं असेल तर ते मागे उसळतं. रिंगा झिजल्या असतील किंवा वॉल्व्ह नीट बसत नसेल तर चाक 'सूंऽऽ' आवाज करत पुढे निघून जातं. तो आवाज कुठून येतो हेही कान देऊन ऐकायचं. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, हवा ओढणाऱ्या तोंडातून आला तर दुसरा वॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा. पाण्यात बुडबुडे दिसले तर हेडखालचं गॅस्केट.

थोडं थांबून बघा, इथे काय घडतंय. ज्याच्या शेतात इंजिन आहे तो शेतकरी रोज सकाळी, वेगळं ठरवून नाही तर सुरू करण्याच्या ओघातच, कॉम्प्रेशनची परीक्षा घेत होता. त्याचा हात हाच गेज होता. कालच्यापेक्षा आज चाक हलकं गेलं तर रिंगा उतरल्या, हे त्याला कोणी सांगावं लागत नव्हतं. केळीला पाणी द्यायच्या दिवसांत हे दोन दिवस आधी कळणं म्हणजे पीक वाचणं होतं.

कागद काय सांगतात, काय गाळतात

आता पुराव्याकडे वळू. 'कागदच नाहीत' ही तक्रार पूर्ण खरी नसते. दर काही वर्षांनी होणाऱ्या पशुगणनेत जनावरांबरोबर शेतीची अवजारं आणि यंत्रंही मोजली जात, आणि त्यांत ऑइल इंजिनांचा रकाना असे. राज्य शासनाची जळगाव जिल्ह्याची गॅझेटियर १९६२ ची आहे, धुळ्याची १९७४ ची. भूविकास बँकेची विहीर-इंजिनाची कर्जप्रकरणं, सहकारी सोसायट्यांची दप्तरं, किर्लोस्करसारख्या मासिकांतल्या जाहिराती हे सगळं हाताशी आहे. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून उभं आहे. तिथे मोडी कागदांसाठी जाताच, तर जुनी स्थानिक नियतकालिकंही विचारून पाहा.

शोधताना एक सूचना. 'डिझेल' एवढाच शब्द धरून बसू नका. शेतकरी आणि जाहिराती दोघंही 'ऑइल इंजिन', 'क्रूड ऑइल इंजिन', 'पंप', किंवा नुसतंच 'इंजिन' म्हणत. कित्येक घरांत तर कंपनीचं नाव हेच यंत्राचं नाव झालेलं असतं. आपल्या आजच्या शब्दाने कालचा कागद सापडत नाही.

पण हे सगळे कागद वाचल्यावर एक उणीव जाणवते. ते इंजिनं मोजतात. त्यातली किती धडपणे चालत होती हे सांगत नाहीत. कर्जाच्या फाइलमध्ये खरेदीची पावती असते, पण पाच वर्षांनी रिंगा बदलल्याची नोंद नसते. तालुक्यात शंभर इंजिनं आहेत असं रकान्यात दिसलं म्हणून शंभर विहिरींना पाणी सुरू होतं असं धरता येत नाही. एखाद्याचं कॉम्प्रेशन गेलेलं असेल, एखादं मिस्त्रीची वाट पाहत खोपीत उभं असेल. सिंचनाच्या इतिहासात आपण यंत्र 'आलं' ते वर्ष नोंदवतो. ते टिकलं कसं, कोणी टिकवलं, हा प्रश्न सुटून जातो. आणि तो सुटला की त्याच्याबरोबर मिस्त्री सुटतो, आणि रोज हँडल मारणारा सालदारही सुटतो.

महामार्ग, जीप आणि हरवलेला हात

ज्ञानाचा पुढचा प्रवास रस्त्यावरचा आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. ट्रक आले तसे पंप-नोझलवाले, लेथवाले, रिंग-पिस्टनवाले आले. त्यात खेड्यापाड्यांतून माणसं भरून नेणाऱ्या जीपची भर पडली. महिंद्रने १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला, आणि पुढच्या दशकात हे इंजिन जीपमध्ये सर्रास दिसू लागलं. त्याच सुमारास अ‍ॅम्बेसेडरही डिझेलमध्ये मिळू लागली. टाटा सुमो १९९४ ची, इंडिका १९९८ ची. विहिरीवरचं इंजिन खोलणारे हात आता बॉनेटखाली गेले.

इथे मोठा फरक पडला. सिलिंडर एकाचे चार झाले, डिकॉम्प्रेशनची दांडी गेली, सेल्फ स्टार्टर आला. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन कोणी हाताने फिरवत नाही. फिरवलं तरी एक सिलिंडर अशक्त असल्याचं बाकीचे तीन झाकून टाकतात. हात आंधळा झाला, म्हणून नव्या खुणा शोधाव्या लागल्या.

पहिली खूण ऑइलच्या टोपणाची. इंजिन चालू ठेवून टोपण सैल करून नुसतं तोंडावर ठेवायचं. ते नाचू लागलं आणि धुराच्या फुंकरी बाहेर आल्या तर रिंगांच्या कडेने दाब खाली उतरतोय. यालाच गॅरेजात 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. दुसरी खूण नोझलच्या पाइपची. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत मिस्त्री एकेका नोझलचा नट ढिला करून त्या सिलिंडरचं डिझेल तोडतो. इंजिनाचा ठेका बदलला तर सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तो आधीपासूनच बसलेला आहे. (घरी हा प्रयोग करू नका. त्या पाइपातला फवारा कातडी भेदून आत जातो.)

विहिरीवरून गॅरेजात आलेल्या या ज्ञानाचा धागा मला तरी इथे दिसतो. शब्द तेच, कान तोच, आणि गळतीच्या जागांची यादीही तीच. पण शिस्त म्हणून एक पर्यायी शक्यता मांडायलाच हवी. हे ज्ञान ट्रकच्या चालक-क्लीनरांबरोबर मुंबई किंवा पंजाबकडूनही येऊ शकलं असतं. 'बॅक कॉम्प्रेशन' हा शब्द हिंदी पट्ट्यातल्या गॅरेजांतही चालतो. त्यामुळे नुसता शब्द सापडला एवढ्यावर वंशावळ सिद्ध होत नाही. मिस्त्रीने पहिलं इंजिन कुठलं खोललं, कोणाच्या हाताखाली आणि कुठल्या गावी, हे अनेकांना विचारल्याशिवाय दावा पक्का होत नाही.

घरची चाचणी : चार आकडे आणि त्यांचा अर्थ

आता आजची पायरी. जुनी डिझेल गाडी दारात आहे, मिस्त्री म्हणतो इंजिन बांधावं लागेल, आणि खर्चाचा आकडा ऐकून घरात शांतता पसरते. अशा वेळी कॉम्प्रेशन गेज लावून पाहणारे हौशी लोक आता बरेच आहेत. रीत थोडक्यात अशी.

गेज डिझेलचाच हवा. पेट्रोलचे गेज साधारण वीस किलोपर्यंत मोजतात, ते इथे टिकत नाहीत. (गॅरेजातला 'किलो' म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो.) इंजिन आधी गरम करून घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. यांत्रिक पंपाच्या गाडीत पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा, म्हणजे डिझेल येणार नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. हीटर प्लगभोवतीची माती साफ करून चारही प्लग काढा, आणि एकेका भोकात अडॅप्टरने गेज बसवून स्टार्टर फिरवा. प्रत्येक सिलिंडरला सारखेच ठोके द्या, समजा सहा. आकडा लगेच लिहून ठेवा. कॉमनरेलच्या नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे, तिथे जाणत्याशिवाय हात घालू नये.

जुन्या, हीटर प्लगच्या इंजिनात चांगला आकडा साधारण पंचवीस ते तीस किलोच्या घरात असतो. नेमकी मर्यादा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते आणि तीच धरायची. पण आकड्यापेक्षा आकड्यांमधलं नातं जास्त सांगून जातं.

समजा २७, २६, २७ आणि १७ आले. चौथ्यात काहीतरी बिघडलंय. २७, १८, १७, २६ आले तर शेजारशेजारचे दोन खाली आहेत, म्हणजे त्या दोघांमधलं गॅस्केट संशयित. आणि १९, १९, १८, १९ आले तर? घाईत माणूस म्हणतो, चारही सिलिंडर गेले. पण चारही जण एकदम आणि सारखेच आजारी पडले असतील का? स्टार्टर संथ फिरत असेल तर हवेला निसटायला वेळ मिळतो आणि सगळेच आकडे पडतात. बॅटरी कमजोर असेल, टायमिंग चुकलं असेल किंवा गेजच गळत असेल. सगळे पुरावे एकाच बाजूला झुकले, की आधी मोजणारं साधन तपासायचं.

एकच सिलिंडर खाली असला तरी निकाल लगेच लागत नाही. गेज फक्त एवढं सांगतो की हवा निसटते. कुठून, ते सांगत नाही. टॅपेटची फट नाहीशी झाली तर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आकडा पडतो. ते काम हेड न उतरवता, थोडक्यात होतं. रिंगा गेल्या असतील तर मात्र इंजिन खोलावंच लागतं. आकडा एकच, पण खर्चात जमीनअस्मानाचा फरक. म्हणून दुसरी, वेगळ्या जातीची परीक्षा लागते. पिस्टन वरच्या टोकाला ठेवून भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि कान द्यायचा : सायलेन्सर, एअर फिल्टर, ऑइलचं तोंड, रेडिएटर. ही यादी आपण आधी कुठे ऐकली? विहिरीवर. फक्त हवा सोडताना इंजिन फिरू शकतं, म्हणून हात पट्ट्यापासून लांब ठेवा. आणि पेट्रोल गाडीसारखं सिलिंडरमध्ये ऑइल ओतून पाहू नका. डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागा इतकी थोडी असते, की ऑइल जास्त झालं तर ते दाबलं जात नाही आणि इंजिन मोडतं.

संशोधकाने काय न्यायचं

पहिली गोष्ट तुलनेची. एकटा आकडा मुका असतो. एका गावची इंजिनांची संख्या, एका वर्षाचं कर्ज, एका माणसाची मुलाखत यांना अर्थ येतो तो शेजारच्या आकड्यामुळे, आणि तोही सारख्याच पद्धतीने मिळवलेला असेल तर. एका मिस्त्रीला तासभर विचारलं आणि दुसऱ्याला दहा मिनिटं, तर त्या मुलाखतींची तुलना होत नाही. सहा ठोके म्हणजे सगळ्यांना सहाच.

दुसरी गोष्ट, लक्षण आणि कारण यांतलं अंतर. 'अमुक दशकात ऑइल इंजिनांची संख्या घटली' हे लक्षण आहे. वीज आली म्हणून, पाणी खोल गेलं म्हणून, डिझेल महागलं म्हणून, की सुटे भाग मिळेनात म्हणून, हे गणनेचा तक्ता सांगणार नाही. त्यासाठी वेगळ्या जातीचा पुरावा आणावा लागतो.

तिसरी गोष्ट हातांची. ज्यांच्या मनगटात हे ज्ञान आहे ती माणसं आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यापुढे फिटनेस आणि नूतनीकरणाच्या फेऱ्या मारण्यापेक्षा गाडी भंगारात देणं अनेकांना सोपं वाटतं. विहिरीवरची इंजिनं तर केव्हाच वजनावर गेली. यंत्र गेलं की ते दाखवून बोलायची सोयही जाते. 'कॉम्प्रेशन कसं ओळखायचात?' असं खुर्चीत बसून विचारलं तर 'कळायचं' एवढंच उत्तर मिळतं. तोच माणूस फ्लायव्हीलला हात लावल्यावर अर्धा तास बोलतो. म्हणून मुलाखत शक्यतो यंत्राजवळ घ्या. अहिराणीत किंवा लेवा गणबोलीत बोलणाऱ्याला प्रमाण मराठीत ओढू नका. त्याचे शब्द जसेच्या तसे टिपा, अर्थ शेजारी लिहा. आणि हाताची हालचाल दिसेल असं चित्रीकरण परवानगी घेऊन करा, कारण इथे अर्धं वाक्य हातच बोलतो.

संशोधन प्रस्तावासाठी विषय शोधत असाल तर एक सोपी सुरुवात सुचवतो. एक तालुका निवडा, समजा रावेर किंवा शिरपूर. गॅझेटियर आणि पशुगणनेतून तिथल्या ऑइल इंजिनांचे आकडे काढा. मग त्याच तालुक्यातले पाच जुने मिस्त्री शोधा आणि प्रत्येकाला तेच सहा प्रश्न विचारा : पहिलं इंजिन कुठलं खोललं, कोणाकडे शिकलात, सुटे भाग कुठून यायचे, वर्षाला किती इंजिनं हाताखालून जायची, बिघाड कसा ओळखायचात, आणि काम कधी व का थांबलं. आकडे एका बाजूला, उत्तरं दुसऱ्या बाजूला ठेवा. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथे तुमचा प्रबंध सुरू होतो. मात्र मिस्त्रींकडे आधी जा. गॅझेटियर पुढच्या वर्षीही कपाटात मिळेल.